अंगठाभर सूट

लाँग नेक, नॅरागॅन्सेट
९ फेब्रुवारी १६९६

प्रिय पेलेग,

सात वर्षं तुला पत्र लिहिलं नाही, त्याची माफी आधी मागतो. कारणं मागाहून. कारणांनी सुरुवात केली की मी माफीपर्यंत पोचतच नाही, हे माझ्या रोजनिशीची जुनी पानं चाळताना ध्यानात आलं.

तुझा तपकिऱ्या गेला. जानेवारीच्या एकोणीस तारखेला, सकाळी. रात्रीचं गवत त्याने संपवलं होतं. पाण्यात शिरलेल्या आपल्या नेकच्या तोंडाशी जेफ्रीने जी दगडी भिंत रचली आहे, तिला टेकून उन्हात उभा राहायची त्याची सवय तुला आठवत असेल. तिथेच त्याने आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे. तुझी वहिनी हिटी माझ्या आधी पोचली आणि तिने आपला एप्रन त्याच्या डोळ्यांवर टाकला. मी टोपी काढून उभा राहिलो. जनावरासाठी टोपी काढणं बरोबर आहे का, असा विचार मनात आला, पण ती परत घातली नाही.

"पेलेगला कळवा," हिटी म्हणाली. "घोडा त्याचा होता. तुम्ही नुसते सांभाळत होतात."

नुसता सांभाळत नव्हतो, हेही सांगून टाकतो. मी त्याच्यावर बसत होतो. खच्ची केल्यावर तो सुस्त होईल असं सगळे म्हणत होते, पण त्याची रेवाल चाल शेवटपर्यंत तशीच होती. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम, मग दुसऱ्या बाजूचे, आणि पाठ जणू तळ्यावर तरंगते आहे. गिरणीपर्यंतच्या चार मैलांत मी त्याच्यावर बसून पुस्तक वाचायचो आणि ओळ चुकायची नाही. वडिलांनी मला केंब्रिजच्या कॉलेजात धाडलं आणि तुला तबेल्यात. त्या कॉलेजातली पुस्तकं मी तुझ्या घोड्याच्या पाठीवर संपवली.

१६८९च्या एप्रिलबद्दल एवढंच लिहितो की मापाच्या काठीने जे दाखवलं तेच मी सांगितलं. तेरा मुठी आणि साडेतीन इंच. गावच्या ठरावात चौदा मुठी लिहिल्या आहेत, चार इंचांची एक मूठ; म्हणजे अर्धा इंच कमी. त्याहून बुटका नर नेकवरच्या सामाईक कुरणात खच्ची न करता फिरू नये, म्हणजे पुढची पैदास खुजी होणार नाही. ठराव मी केला नव्हता. मी फक्त काठी धरली होती.

कप्तान ओबेडचं गलबत खाडीत बर्फाने अडकलं आहे. बर्फ फुटेपर्यंत हे पत्र माझ्या मेजावरच राहणार, तेव्हा यात भर पडत जाईल.

२ मार्च

अजून बर्फ आहे. ओबेड रोज काठावर येऊन खाडीला शिव्या देतो आणि मग आमच्याकडे येऊन चीज खातो. या खेपेला तो आमचं चीज, पिंपांच्या फळ्या, खारवलेलं डुकराचं मांस आणि डेकवर अकरा घोडे घेऊन तुझ्याकडे बार्बाडोसला येणार आहे. घोडे सगळे उंच, रुंद छातीचे. तिकडच्या मळेवाल्यांना चाल नको, उंची हवी. उसाच्या घाण्याला चाल काय कामाची, असं तो म्हणतो. आमचा चौदा मुठींचा ठरावसुद्धा त्यांच्याच घाण्यांसाठी झाला होता, हे मला इतक्या वर्षांनी उमगतं आहे.

त्याने मला घाण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली. ऊस पिळणाऱ्या रुळांच्या बाजूला कुऱ्हाड टांगलेली असते. ऊस घालणाऱ्या गुलामाचा हात आत ओढला गेला, तर घोडे थांबेपर्यंत वाट बघता येत नाही, म्हणून. सांगताना तो चीज कापत होता. तू ते घोडे धक्क्यावर उतरवून घेतोस, मी इथून चढवतो, आणि मधल्या या गोष्टीबद्दल आपल्या घरात कधी कुणी बोललं नाही. मी त्या दिवसापासून काकवी खायची सोडली. अकरा घोडे मात्र सौद्यातून काढून घेतले नाहीत. हे जसं आहे तसं लिहितो. स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला काकवी सोडणं फार सोपं आहे.

आता खरी बातमी. तपकिऱ्याची पैदास संपलेली नाही.

त्या वर्षी मापाच्या आधी माझी घोडी टेमर नेकवर त्याच्याबरोबरच होती. पुढच्या वसंतात तिला शिंगरी झाली. मला तेव्हा तुला लिहायचं होतं, पण लिहायला बसलो की वर लिहिलेलं ते सगळं लिहावं लागणार, म्हणून उठलो. ती शिंगरी मोठी झाली, तिला नर शिंगरू झालं. ते या महिन्यात दोन वर्षांचं होईल. हिटी त्याला बटण म्हणते. रंग आजोबाचा, आणि पेलेग, चालसुद्धा. कुणी शिकवली नाही. आईमागे धावताना पहिल्याच आठवड्यात ते एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागलं. मी भिंतीवर बसून तासभर बघत राहिलो. त्या दिवशी कामाचं काही झालं नाही.

पण ते बुटकं आहे. मी घरी मापलं. आजोबाइतकंच, तेरा मुठी आणि साडेतीन इंच, आणि वाढ आता संपल्यासारखी दिसते.

एप्रिलच्या अठराला घोड्यांचं माप आहे. अजूनही काठी माझ्याच हातात आहे, जोडीला गिडियन. नराला स्वतंत्र कोंडून ठेवावं इतकं बंदिस्त कुरण इथे अजून कुणाकडे नाही. बटण मापात बसलं नाही, तर त्याच दुपारी त्याला खच्ची करतील आणि तुझ्या घोड्याचं रक्त इथेच थांबेल.

११ मार्च

मागच्या पानांत मी एक गोष्ट लिहिली नाही. ती न लिहिता हे पत्र पाठवता येईल का, याचा नऊ दिवस विचार केला. येईल, अगदी सहज येईल. म्हणूनच लिहितो.

वडील माप कसं घेत, ते तुला माहीत आहे. काठी खांद्याच्या उंचवट्याशी लावायची, आडवी पट्टी टेकवायची आणि चौदाची खूण वर राहिली तर मध्ये अंगठा धरायचा. फट अंगठ्याने बुजली की घोडा पास. हे ठरावात कुठे लिहिलेलं नाही. पण गाव वसल्यापासून सगळे मापणारे तसंच करत आले. "काठी माणसाने कापलेली असते," वडील म्हणायचे, "थोडी चूक तिचीही असणार." तपकिऱ्या दर वर्षी त्यांच्या अंगठ्यावर पास होत असे.

मग त्या थंडीत वडील गेले आणि गावाने काठी मला दिली. कॉलेजात शिकलेला आहे, बरोबर मापेल, म्हणून. पहिल्याच मापाच्या दिवशी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. लोक म्हणतील, बापाने पोराचा घोडा चालवून घेतला, आता भाऊ चालवून घेतोय.

त्या दिवशी मी चौदा घोड्यांना अंगठा दिला. गिडियनचा करडा तुझ्या घोड्याहून केसभर बुटकाच होता, त्यालाही दिला. तुझा घोडा आला तेव्हा मी डावा हात कोटाच्या खिशात घातला.

तू म्हणालास, "पुन्हा लाव, एल्का. तो ओल्या बाजूला उभा आहे, खूर रुतलेत."

मी म्हणालो, "सगळ्यांना एकदाच लावली."

ते खरं होतं. एका खऱ्या वाक्यामागे किती लपवता येतं, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. त्या तारखेचं पान आता माझ्यापुढे आहे. मी लिहिलंय, "आज रक्ताच्या नात्याला बळी न पडता न्याय केला. मन हलकं आहे." पुढे बरंच काही आहे, पण ते मला तुला दाखवायचं नाही. तीन आठवड्यांनी तू गलबतावर चढलास. मी धक्क्यावर आलो नाही. त्या दिवशी माझ्याकडे फळ्या मोजायचं काम होतं, असं रोजनिशीत लिहिलं आहे. फळ्यांचं काम दुसऱ्या दिवशीही झालं असतं.

हे पान मी हिटीला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती.

"बरं," ती म्हणाली. "आणि बटणचं काय? त्याला अंगठा देणार?"

"घोडा आपला आणि मापणारा मी. कसा देऊ?"

"मग नका देऊ."

"नाही दिला तर सात वर्षांपूर्वीचं तेच पुन्हा."

"मग द्या."

"हिटी, हे इतकं सोपं नाही."

"मला काय विचारता? कॉलेजात तुम्ही गेलात. मी पाव भाजते." मग कोपरापर्यंत पिठाने भरलेले हात तसेच धरून ती म्हणाली, "दर वेळी तुम्हाला स्वच्छ राहायचं असतं आणि दर वेळी घाण कुणा दुसऱ्याच्या अंगावर उडते."

हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कपाळ अजून पांढरं आहे.

१९ एप्रिल

बर्फ फुटलं. ओबेड उद्या सकाळच्या भरतीला निघतो. तेव्हा गेल्या दोन दिवसांचं घाईने लिहितो.

परवा गावाची सभा डिझायरच्या खानावळीत भरली. म्हातारी आता चौसष्ट वर्षांची आहे, सायडर अजून स्वतःच ओतते आणि सभेत मत नसलं तरी बोलते सगळ्यांपेक्षा जास्त. घोड्यांचा विषय निघाला तेव्हा मी उभा राहिलो. जे तुला लिहिलं तेच सांगितलं. खिसा, चौदा अंगठे, गिडियनचा करडा, सगळं. या वर्षी काठी माझ्याकडून काढून घ्या, असंही म्हणालो. मला वाटलं होतं की लोक संतापतील, किंवा निदान गप्प होतील.

गिडियन हसायला लागला. "माझा करडा अंगठ्यावर पास झाला, हे आता सांगतोस? तो विकला मी. त्याच्या नातवंडांचीही उंची आता काढू का?"

"एल्कॅना, खाली बस," डिझायर म्हणाली. "त्या दिवशी मी तिथेच सायडर देत फिरत होते. तुझा हात खिशात होता ते मी पाहिलं. या बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"लाज वाटते सांगायला. दुसऱ्याच्या घोड्यासाठी मापणाऱ्याशी वाकडं कोण घेणार? प्रत्येकाचा घोडा रांगेत होता." तिने माझा पेला भरला. "आणि तू इतका खूश दिसत होतास, पोरा. म्हटलं, याला आज आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमलंय."

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग दाराशी उभा असलेला जेफ्री बोलला. नॅरागॅन्सेट इंडियन म्हणून त्याला आत बाक मिळत नाही. ज्या जमिनीवर ही खानावळ आहे ती त्याच्या आजोबांची होती, तरी. त्या दिवशी घोड्याचं तोंड त्याने धरलं होतं.

"पेलेगनेही पाहिलं," तो म्हणाला. "तो काठीकडे बघतच नव्हता. तुझ्या खिशाकडे बघत होता. म्हणून तर म्हणाला, पुन्हा लाव."

पेलेग, या वाक्यानंतर सभेत काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. सात वर्षं मी समजत होतो की माझी चूक फक्त मला माहीत आहे आणि तू ठरावावर चिडून गेलास. तू मला हात बाहेर काढायची संधी देत होतास, आणि तीही सगळ्यांसमोर मला उघडं न पाडता. ओल्या जमिनीचं निमित्त तू माझ्यासाठी शोधलं होतंस.

काठी गिडियनकडे आणि दक्षिण टोकाच्या एका शेतकऱ्याकडे दिली. काल माप झालं. मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. जेफ्रीने बटणचं तोंड धरलं, या खेपेला कोरड्या जमिनीवर. पट्टी टेकली आणि चौदाची खूण वर राहिली. गिडियनने अंगठा घातला. त्याचा अंगठा तुला आठवतो, लोण्याचा गोळा. फट बुजली, पण नखाच्या टोकाशी उजेड दिसतोय की काय, असं मला वाटलं. दुसरा मापणारा वाकला, एक डोळा मिटला, बराच वेळ वाकून राहिला.

"बुजली," तो म्हणाला.

"पास," गिडियन ओरडला, आणि माझ्याकडे वळून, "की आणखी कुणाला भाषण करायचंय?"

घरी आल्यावर मी रोजनिशी उघडली. उजेड खरंच दिसत होता का, दिसला असेल तर मी बोलायला हवं होतं का, माझ्या सभेतल्या भाषणाने त्यांना दया आली म्हणून अंगठा जाड झाला का, असं लिहायला बसलो. हिटीने वही माझ्या हातातून घेतली आणि पिठाच्या पिंपात ठेवून वर झाकण दाबलं. "वाकून बघणारा तो होता," ती म्हणाली. "आज तुम्ही कुंपणाबाहेर होतात. बाहेरच राहा."

घोडा तुझा आहे. त्याच्या आईला आणि त्यालाही तुझ्या नावाने चरायला सोडलं आहे. पण तो तिकडे पाठवणार नाही. ओबेडने विचारलं होतं, डेकवर जागा आहे म्हणाला. मी नाही म्हटलं. त्या किनाऱ्यावर उतरलेला घोडा शेवटी घाण्यालाच लागतो, हे ओबेडच म्हणतो. ते अकरा घोडे उद्या जातील. पुढच्या वर्षी मी घाण्यासाठी एकही घोडा देणार नाही. चीज आणि फळ्यांवर घर चालेल का, माहीत नाही. हिटी म्हणते चालेल, पण ती मला बरं वाटावं म्हणून कधी कधी बोलते.

ये, असं लिहायचं आहे. तेवढंच लिहितो. ये.

तुझा,
एल्का

२७ सप्टेंबर १६९६

प्रिय पेलेग,

ओबेड परवा परतला. मीठ, काकवी आणि तुझ्या आठ ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की हिटीने मागितल्या तेव्हा न बघता म्हणून दाखवल्या. तू लिहिलंस:

"एल्का, एवढं लांबलचक पत्र लिहिलंस आणि घोड्याच्या कपाळावर पांढरं आहे की नाही ते सांगितलं नाहीस. हात खिशात होता, ते मी पाहिलं होतं. त्याचा राग दोन वर्षांत गेला. काठी खाली ठेवल्यावर तू वहीत लिहीत राहिलास, माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाहीस, ते अजून सलतं. मी उतरवून घेतलेले घोडे इथे तीन वर्षं पुरतात. माणसं किती पुरतात ते समोर बसून सांगेन, कागदावर नाही. हे काम आता माझ्याच्याने होत नाही. वादळांचे दिवस संपले की नोव्हेंबरच्या गलबताने निघतो. बटणवर माझ्याआधी बसलास तर बघ."

न्यूपोर्टचं एक हलकं गलबत या आठवड्यात तिकडे निघतंय, म्हणून हे लगेच लिहितो. तू निघायच्या आधी पोचेल अशी आशा आहे.

कपाळावर पांढरं आहे. टिकलीएवढं, मधोमध नाही, डाव्या डोळ्याकडे सरकलेलं. त्यामुळे तो सतत कुणाची तरी खोडी काढायच्या बेतात असल्यासारखा दिसतो. त्याच्यावर कुणी बसलेलं नाही. या वसंतात तीन घोड्या त्याच्याकडून भरल्या आहेत, त्यातली एक गिडियनची. गिडियन म्हणतो, शिंगरू बुटकं निघालं तर ते तुझ्याच दारात आणून बांधेन.

वहीबद्दल तू लिहिलंस, ते खरं आहे. त्या दिवशी मी काय लिहीत होतो ते शोधलं. तुझ्या घोड्याचं माप आधीच लिहून झालं होतं. तरी मी त्याच आकड्यावर पुन्हा पुन्हा शाई फिरवत होतो. कागद तिथे फाटायला आला आहे.

तू गलबतातून उतरलास की मी तुझ्याकडे पाहीन. हे लिहून ठेवावं लागतं याचं हसू येतं, पण मी स्वतःला ओळखतो. धक्क्यावर माणसं असतील, सामान असेल, ओबेड ओरडत असेल, आणि मला नेमकं त्याच वेळी काहीतरी मोजायचं सुचेल. वही घरी ठेवून येईन. हिटीनेही तसं बजावलं आहे. ती स्वतः येऊन माझी बाही धरून उभी राहणार आहे.

समोर बसून जे सांगणार आहेस, ते सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुझ्यासाठी पूर्वेची खोली उघडली. सात वर्षं तिथे लोकर आणि चीजचे साचे ठेवत होतो. आज सगळं बाहेर काढलं, खाटेला नवे दोर ओढले. संध्याकाळी जाळ करून पाहिला, तर धूर सगळा आतच आला आणि हिटी, मी आणि मांजर, तिघेही खोकत अंगणात पळालो. धुराड्यात पाखरांनी घरटी केली आहेत. पाखरं उडून गेली आहेत, घरटी रिकामी आहेत.

उद्या: पूर्वेच्या खोलीचं धुराडं झाडणे.